कोटाच्या खिशातला वास

तीर्थरूप काका,

नमस्कार. तो आता कुठल्या पत्त्यावर धाडायचा, ते काही कळत नाही.

कारखान्यात तंबाखू मिसळायच्या तुमच्या टेबलाशी आता मी बसते. तंबाखूचं पान तुम्ही मुठीत दाबायचात आणि मूठ उघडली की ते आळस दिल्यासारखं सावकाश उलगडायचं. आताच्या पानाचा मुठीतच चुरा होतो. ऊन इतकं तापतं की पान पिवळं पडायच्या आधीच वाळतं, गोडवा धरायला त्याला उसंतच मिळत नाही. मिश्रण घशाला लागतं. चार गावांची पानं मिसळून पाहिली, पण तुमची चव काही जमत नाही.

मालक म्हणतात, "जुनी चव आता कुणाच्या लक्षात आहे?"

माझ्या आहे. दाराआड तुमचा कामाचा कोट अजून लटकतोय. खिशात जुन्या मिश्रणाचा चुरा आहे. रोज त्यात नाक खुपसते आणि मगच कामाला लागते.

काल काकू आली होती. कोट धुऊन कुणाला तरी देऊन टाकू म्हणाली. मी नुसता खिसा तिच्यापुढे धरला. तिने वास घेतला, कोट परत खुंटीला अडकवला आणि निघून गेली.

संध्याकाळी तिचा फोन आला. "उद्या पुन्हा येऊ का गं?"

तुमची,
नकटी