मुखरूच्या शर्टाचा वास

१ डिसेंबर, सोमवार

बिडी बंद. आजपासून. फायनल.

दवाखान्यातल्या पुनम मॅडमनं ही वही देली. म्हणे, रोज किती पेल्या ते खरं-खरं लिहा, कोणाले दाखवाची गरज नाई. कोणी वाचणारच नाई तर वही देते काऊन? डाऊट आहे. शिलाई मशीनच्या ड्रॉवरमंदी, बॉबिनच्या डब्ब्याखाली ठेवीन.

कारण एकच. शाजियाले सातवा महिना लागला. पोरीचं पह्यलं बाळंतपण. वडशाले आपल्या घरीच करीन म्हणते, पण अट घातली का अब्बूची बिडी बंद पाहिजे, त्या धुरात माहं लेकरू आणणार नाई. बापाले अट! तेबी फोनवर! मी म्हटलं, बेटा, तू जानेवारीत ये, बाप बदललेला दिसन.

चघळाच्या गोळ्या फुकट भेटल्या. विकत घ्याच्या म्हटल्या तर दिवसभराची शिलाई जाते. फुकट देऊन राह्यले म्हणजे यात काहीतरी असनच.

मॅडमनं बिडी सोडणाऱ्यांच्या जोड्या लावल्या. एकानं दुसऱ्यावर लक्ष ठेवाचं, हिंमत द्याची. माह्या जोडीले मुखरू. घर माह्या घराच्या मांगंच. धानाची शेती करते, हिवाळ्यात राईस मिलमंदी पोते उचलते. वीस वर्षं झाले, एका काडीवर दोघं बिडी पेटवतो. असा माणूस एका दिवसात सोडन? हट्.

आजच्या बिड्या: शून्य. सकाळच्या चार धरत नाई, त्या वही भेटाच्या आधीच्या.

३ डिसेंबर

मुखरू आला. म्हणे, बाबूभाई, दोन दिवस झाले जी, एकबी नाई. हसत होता. बिडी सोडलेला माणूस हसते का? मी सोडली तर दोन दिवसांपासून आबिदावर ओरडूनच राह्यलो.

शर्ट देऊन गेला, झिजलेली कॉलर पलटवाले. खिसे तपासले. माचिस नाई. म्हणजे हुशार आहे.

आजच्या बिड्या: शून्य. नाटक कंपनीचा मॅनेजर राजाचा अंगरखा ढिला कराले घेऊन आला, त्यानं एक पुढं केली. सीझनचं गिऱ्हाईक, नाई कसं म्हणाचं? ती त्याची बिडी, माही नाई.

७ डिसेंबर, दुपारी ४.२०

पकडला! म्हणजे जवळपास.

रोज चार वाजता मुखरू मिलच्या मांगं जाते. एकटा. आज मी मांगं-मांगं गेलो. हापशीजवळ उभा राह्यला, खिशातून काहीतरी काढलं अन् तोंडात टाकलं. अंतर बहुत होतं, धूर दिसला नाई.

मी भिंतीआड. आता नुसताच उभा राह्यलो तर लोकांले डाऊट येते. म्हणून हातात बिडी धरली. अन् न पेटवता बिडी धरून कोण उभं राह्यते? पेटवली.

आजच्या बिड्या: शून्य. तपासाची एक.

१२ डिसेंबर

तपास जोरात. रोज तीन-चार लागून राह्यल्या. जेवल्यावर एक, विचार कराले.

आबिदा म्हणे, दुकानातून घरात बिडीचा वास येते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, तरी मी म्हटलं, तो मुखरूच्या घरून येते. तर म्हणे, मुखरूभाऊच्या घरून अगरबत्तीचा येते.

ही त्याची बाजू काऊन घेते? मायलेकी रोज तासभर फोनवर बोलतात, मी आलो का आवाज कमी. बायको शाजियाले रिपोर्ट देऊन राह्यली असं वाटते. लक्ष ठेवा लागन. म्हणजे आता दोघांवर.

१५ डिसेंबर

आबिदानं तिचा जुना मलमलचा दुपट्टा देला. लेकराचे झबले शिवले. सात झाले. बाही एवढी लहान का माहं अंगठ्याशेजारचं बोट कसंबसं जाते. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, राजा-राण्यांचे शिवले, पण आपल्या लेकीच्या लेकराचे पह्यल्यांदाच. डोळ्यांत पाणी आलं. आबिदा म्हणे, धुरानं आलं. बहुत संशयी बाई आहे.

झबले दुकानातच दोरीवर लटकवले, माह्या डोक्यावर, मुखरूच्या शर्टाच्या बाजूले. बिडी ओढता-ओढता वर पाह्यलं का बरं वाटते. तपासाची बिडी.

१९ डिसेंबर

मॅडमनं फुंकाची मशीन आणली. फुंकलं का आत धूर किती ते सांगते.

मुखरू: हिरवा लाईट. मी: लाल.

साफ आहे. मुखरूनं आधी फुंकली, त्याचा धूर मशीनमंदी राह्यला अन् माह्या नावावर निघाला. मॅडमले हे समजावलं, तिले समजलं नाई. मंग म्हटलं, मॅडम, आमी टेलर लोक, कोळशाच्या इस्त्रीचा धूर दिवसभर नाकात जाते. तर आबिदा मागून म्हणे, इस्त्री लाईटवरची होऊन चार वर्षं झाले.

दवाखान्यात बायकोले सोबत न्याची काय गरज होती?

२४ डिसेंबर

पुरावा भेटला!! एक नंबर पुरावा!

मुखरूच्या शर्टाची कॉलर उसवाले घेतली. नाकाजवळ आणला. बिडी! कॉलरले बिडी, बाहीले बिडी, खिशाले बिडी. मशीन खोटं बोलन, कापड खोटं बोलत नाई. डायरेक्ट शर्ट घेऊन मॅडमकडं. बिडी सोडणाऱ्यांची मंगळवारची बैठक या हप्त्यात आज बुधवारी होती, बरंच झालं. चार लोकांसमोर शर्ट टेबलावर टाकला.

मुखरूचं तोंड उतरलं. हळूच म्हणे, भाऊ, बायकोनं, भागीरथानं, साबण लावून, वाळवून देला होता जी. तीन आठवडे तुमच्याच दुकानात लटकून आहे. मी म्हटलं, धुतला काऊन? पुरावा मिटवाले!

मंग त्यानं खिशातून पुडी काढली. फुटाणे. म्हणे, चार वाजता मिलवाले सगळे बिडी पेटवतात, मले तलफ येते, म्हणून मांगं हापशीवर जाऊन तोंड धुतो अन् हे खातो, मॅडमनंच सांगतलं होतं. पुडी माह्यासमोर धरली, म्हणे घ्या तुमीबी. मी नाई घेतले. फुटाणे लपून कोण खाते?

मॅडमनं शर्ट हुंगला, मंग माह्याकडं पाह्यलं. तीबी फुटली.

मुखरू शर्ट तिथीच टाकून गेला. वापस आणून दोरीवर लटकवला. टेन्शनमंदी किती ओढल्या ते मोजलं नाई.

३१ डिसेंबर

शाजियाचा फोन. म्हणे, अब्बू, महिना झाला, खरं सांगा, माही कसम. म्हटलं, बेटा, एकबी नाई. अन् ते खरंच आहे. तपासाच्या सोडल्या, मॅनेजरच्या सोडल्या, सकाळी संडासच्या सोडल्या, तर एकबी नाई.

पोरगी फोनवर रडली. खुशीनं. दहा तारखेच्या गाडीनं येते म्हणे.

१० जानेवारी, सकाळी

घर धुतलं. तीन अगरबत्त्या लावल्या. बंडल वहीच्या बाजूले लपवलं. तयारी टाईट.

१० जानेवारी, रात्री

शाजिया आली. जावई ताबिश सोबत. पोट किती मोठं झालं पोरीचं!

मीच दोरीवरून झबले काढून देले. बहुत खुश झाली. एक उचललं, गालाले लावलं. अन् तशीच थांबली. मंग दुसरं घेतलं. मंग तिसरं. साती झबले नाकाले लावून पाह्यले अन् एकेकाची घडी घातली.

म्हणे, अब्बू, मी माही कसम घातली होती.

मी म्हटलं, बेटा, तो मुखरूच्या शर्टाचा वास, बाजूलेच होता. तिनं घडी घातलेले झबले मशीनवर ठेवून देले. आबिदा चहा ठेवाले आत गेली. ताबिश मोबाईल पाहाले लागला.

११ जानेवारी, रविवार

दुपारच्या गाडीनं शाजिया चंद्रपूरले वापस गेली. बाळंतपण सासरीच. झबले इथीच ठेवले. म्हणे, लेकराले दाखवाले आणीन तवा घालीन, वास गेला असन तर. पाया पडाले वाकता येत नव्हतं तिले, तरी वाकली. मी तिची बॅग उचलली.

दुकानात येऊन बसलो. एक झबलं नाकाले लावलं. मंग मुखरूचा शर्ट. तोच वास. मंग राजाचा अंगरखा. तोच. मंग माही स्वतःची बाही.

मुखरूचा शर्ट माह्या हातानं धुतला. वाळल्यावर कॉलर पलटवली, इस्त्री केली. लाईटवरची. त्याच्या घरी नेऊन देला. माफी मांगाची होती, निघालं एवढंच का कॉलर नवीसारखी झाली. तो म्हणे, बसा जी. भागीरथानं चहा ठेवला. त्यानं फुटाण्याची पुडी पुढं केली. मूठभर घेतले.

आजच्या बिड्या: नऊ. तपासाच्या धरून.