शेजारचा पाट

१२ जानेवारी १९५७, पांढरकवडा

उमेदवारी विजयमालेला दिली. मला नाही.

मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष सदाशिवरावांनी नाव घेतलं तेव्हा मला वाटलं, चुकून माझ्या जागी बायकोचं नाव तोंडातून गेलं. चुकून नव्हतं. सगळ्यांना आधीच माहीत होतं, माझ्याखेरीज. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं.

बैठक संपल्यावर त्यांनी मला ओसरीवर बाजूला घेतलं. म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही मंडळाचा पाया आहात. पायाला कोणी हार घालतं का?" मी हसलो. मग म्हणाले, समोर वामनराव आहे. सहा फूट उंच, भरघोस मिशा, कापसाच्या जिनिंगचा मालक. आमदार म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे तसाच माणूस येतो. त्याच्यासमोर दुसरा पुरुष उभा करून उपयोग नाही. बाई उभी करायची, आणि अशी की बघणाऱ्यानं वळून बघावं. हे बोलताना त्यांची नजर माझ्या हातांवर गेली आणि पटकन निघाली.

आठ वर्षं झाली हे कोडाचे पांढरे डाग येऊन. आधी बोटं, मग ओठ, आता डाव्या डोळ्याची पापणी. कोर्टात अशील माझ्या हातून कागद घेतात, कारण त्यांना गरज असते. मतदाराला माझी गरज नाही, मला त्याची आहे. सदाशिवरावांचं गणित बरोबर आहे. तेच जास्त लागलं.

१३ जानेवारी

विजयमाला म्हणाली, "तुम्ही नको म्हणाल तर मी आजच जाऊन नाही म्हणून येते."

मी म्हटलं, वेडी आहेस का, उभी राहा. मोठेपणानं म्हटलं की तिनं जन्मभर उपकार मानावेत म्हणून म्हटलं? सकाळपासून तपासतो आहे. दोन्ही थोडं थोडं सापडतं.

१९ जानेवारी

भाषणं मी लिहितो, ती पाठ करते. कापसाचा भाव, पैनगंगेचं पाणी, कुळांचे हक्क. आवाज चांगला आहे तिचा. "कूळ" म्हणताना थोडं थांबायला सांगितलं, तर थांबली, आणि तेच वाक्य एकदम मोठं झालं. मी पंचवीस वेळा म्हटलं असतं तरी झालं नसतं.

आरशासमोर करत होती. मी त्या आरशात कधी फार वेळ उभा राहत नाही.

२५ जानेवारी

पहिली सभा, केळापूरला. हबीबची जीप भाड्यानं घेतली आहे. रस्त्यात दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा त्यानं इंजिनाला शिव्या घालून चालू केली. बाई मागे बसल्या आहेत हे लक्षात आल्यावर तिसरी शिवी गिळली.

गर्दी मोठी. पण भाषण ऐकायला नाही. पुरुष पारावर चढून बघत होते. एक म्हातारा शेजाऱ्याला विचारत होता, इतकी गोरी बाई उन्हातान्हात गावात येईन काय? दुसरा म्हणाला, आता आली ना, मंग? बायांना वेगळीच चौकशी. घरी स्वयंपाक कोण करतं? नऊवारी का नेसत नाही? नवरा कुठं हाय?

सभेआधी पाटलांच्या घरी ओटी भरायची होती. इकडे गावोगाव ती रीत निघाली आहे. बाई उभी आहे म्हणजे लेक माहेरी आली, तिला रिकाम्या ओटीनं पाठवायचं नाही. अंगणात दोन पाट मांडलेले, दोन्हींभोवती रांगोळी. जोडीनं बसवतात. मला बोलावणं आलं. मी निरोप पाठवला की सभेची व्यवस्था बघतो आहे, बाईंना बसवा.

मी जीपजवळच थांबलो. का? पहिल्याच सभेत पहिल्याच गावानं माझा चेहरा तिच्या चेहऱ्याशेजारी बघू नये म्हणून. तिची मतं जाऊ नयेत म्हणून. कारण स्वच्छ आहे. लिहून वाचलं तरी स्वच्छच दिसतं.

२ फेब्रुवारी

आज तिनं माझं भाषण बाजूला ठेवलं!

घोटीजवळच्या एका गावात बायाच जास्त होत्या. पैनगंगेच्या पाण्यावर ती दोन वाक्यं बोलली आणि थांबली. मला वाटलं, विसरली. मी मागून पुढचं वाक्य हळूच सांगितलंसुद्धा. तिनं ऐकलं नाही. म्हणाली, "तालुक्याच्या दवाखान्यात बाई डॉक्टर नाही. म्हणून तुम्ही दुखणं कोणाला सांगत नाही. मीही सांगितलं नव्हतं. दोन वर्षं अंगावर काढलं."

मग एक बाई रडायला लागली. टाळ्या नाहीत, काही नाही, पण सभा संपल्यावर कोणी उठेना.

दोन वर्षं! कोणतं दुखणं? मी त्याच घरात होतो. पाचशे अनोळखी बायकांना सांगितलं, मला नाही. जीपमध्ये विचारलं. म्हणाली, "तेव्हा तुमचं नवं नवं होतं. ओठांवर आलं होतं. तुम्ही कोणाशी बोलत नव्हता." आणि बाहेर बघत बसली. हबीब पुढे बसून हॉर्न वाजवत होता, समोर कोणी नसताना.

३ फेब्रुवारी

टाळ्या माझ्या वाक्यांना नव्हत्याच. कधीच.

९ फेब्रुवारी

पंधरा गावं झाली. प्रत्येक गावात दोन पाट. प्रत्येक गावात माझं काही ना काही काम निघतं. कुठे जीपचं, कुठे पाटलाशी बोलायचं, कुठे नुसतंच डोकं दुखतं. विजयमाला कधी विचारत नाही. एकटी बसते, ओटी घेते, वाकून नमस्कार करते, उठते.

आज हबीब चहा पिता पिता म्हणाला, "साब, आधे लोग भाषण सुनने आते, आधे बाईसाब को देखने. मत देनारे तिसरेच राहतेत." मी विचारलं, ते कोण? म्हणाला, "ते घरी बसून इचार करून राह्यले."

वामनरावाच्या सभेला परवा मुद्दाम गेलो होतो, लांब उभा राहिलो. माणूस काहीच बोलत नाही. मिशांना पीळ देतो, "आपलं सरकार, आपला माणूस" म्हणतो, बसतो. लोक खूश. त्याच्याजवळ शरीर आहे. विजयमालेजवळ चेहरा आहे. माझ्याजवळ जनहिताची अकरा कलमं आहेत, तीही तिच्याच तोंडून.

हे वाक्य लिहून झाल्यावर लक्षात आलं की मला ते आवडलं. स्वतःची कीव छान लिहिता येते माणसाला.

१४ फेब्रुवारी

लालीबाई आली होती. वडगावजवळच्या बंजारा तांड्यावरची, तिथल्या नायकाची बायको. तिच्या गाईंचा कोंडवाड्याचा दावा माझ्याकडे आहे. दाव्याचं बोलून झालं तरी उठेना. मी विचारलं, आणखी काही?

तिनं आधी पान जमवलं. मग म्हणाली, "वकीलसाब, वाईट नका मानू. बाई लय चांगली बोलते. पन बाया एक इचारून राह्यल्या. मांडलेल्या पाटावर नवरा काहून बसत नाही?"

मी म्हटलं, मला कामं असतात.

"तुमी मले सांगता. गावात कोन सांगते? बाया म्हनतेत, रूपाचा ताठा हाय. डाग हायेत म्हून नवऱ्याले जवळ बसू देत नाही. जो घरात हाय त्याचीच लाज वाटते, ते आमची लाज काय राखन?"

ती उठताना म्हणाली, "वामनरावाची मानसं हेच फिरवून राह्यली. तुमी बसा ना एक डाव. कायले लाजता? तुमाले पाह्यलं म्हून काय आमी घाबरतो?"

गेली. कारकून दोनदा आत डोकावून गेला.

म्हणजे सगळं उलटं! मी समजत होतो, मी दिसलो तर तिची मतं जातील. मी दिसत नाही म्हणून जात आहेत. सदाशिवरावांचं गणित चुकलं. आणि उपाय केवढा सोपा. एका पाटावर बसायचं, एवढंच.

१५ फेब्रुवारी

विजयमालेला सांगितलं नाही. आज सांगायचं ठरवलं होतं. ती दमून आली, लगेच झोपली.

१८ फेब्रुवारी

आजही दोन गावं झाली. आजही बसलो नाही.

आता तरी स्वच्छ लिहावं. आधी मी बसत नव्हतो, कारण मला वाटत होतं की त्यात तिचा फायदा आहे. आता माहीत आहे की त्यात तिचं नुकसान आहे. तरी मी तिथेच उभा आहे, जीपजवळ. माणूस तोच, जागा तीच, पण कृत्य तेच राहिलेलं नाही. कोर्टात मी हाच मुद्दा अर्धा तास मांडला असता आणि जिंकलोही असतो.

स्वतःशी म्हणतो, लाज वाटते. अंगणात शंभर बायांसमोर हात पुढे करायची लाज. ती खरी आहे. पण तिच्या खाली आणखी एक आहे. विजयमाला एकटी बसलेली असते, सगळ्या बाया तिच्या तोंडाकडे बघत असतात, आणि मनात येतं — पुरे झालं कौतुक. थोडं कमी होऊ दे. फार नाही, थोडं.

थोडं म्हणजे किती मतांचं?

२१ फेब्रुवारी

वणीच्या बाजारात वामनरावाचा माणूस मोठ्यानं म्हणाला, "बाईचा नवरा दाखवा अन एक रुपाया घ्या." लोक हसले. विजयमालाही ऐकून हसली. मी टपरीच्या मागे होतो. अगदी दहा पावलांवर. रुपया कोणी मिळवला नाही.

१ मार्च

शेवटची सभा, इथेच, गावात. चौकात मंच. आज जायचं ठरवून निघालो होतो. धुतलेला अंगरखा घातला, बाह्या खाली ओढल्या नाहीत. निघताना विजयमालेनं बघितलं.

मंचावर तीन खुर्च्या. एक तिची, एक सदाशिवरावांची, एक रिकामी. मी पायऱ्यांपर्यंत गेलो. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात ती काहीतरी बोलली आणि सगळा चौक हसला, आणि तीही हसली, मान मागे टाकून. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती माझ्याशी बोलताना असं हसायची. मला वाटत होतं, ते हसू गेलं. गेलं नव्हतं. इथे हजार माणसांना वाटून देत होती.

तिनं मला बघितलं. बोलता बोलताच शेजारची खुर्ची हातानं जराशी पुढे ओढली. मागे मंडळाचे चिटणीस उभे होते, त्यांना जागा करत असावी.

मी पाय खाली घेतला. पानाच्या ठेल्याजवळ जाऊन उभा राहिलो. खुर्ची थोडा वेळ रिकामी होती, मग तिच्यावर चिटणीस बसले.

४ मार्च

मतदान. खोलीत दोन पेट्या, प्रत्येक उमेदवाराची वेगळी. कोणी तरी तिच्या पेटीला कुंकू लावलं होतं. अधिकारी ते ओल्या फडक्यानं पुसत होता आणि चिडला होता.

मत मी तिलाच टाकलं. हे लिहावंसं वाटतं यातच सगळं आलं.

१३ मार्च

विजयमाला पडली. तीनशेच्याही आतल्या मतांनी. केळापूरकडची गावं आणि तांडे, जिथे ओट्या भरल्या, तिथेच सगळ्यात कमी मतं.

सदाशिवराव म्हणाले, "लोकांना देखणी बाई बघायला आवडते हो, निवडून द्यायला नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. त्या खोलीत खरं कारण माहीत असलेला मी एकटा.

ती घरी आली, पाय धुतले, साडी बदलली, चुलीपुढे बसली. म्हटलं, राहू दे आज. म्हणाली, "जेवायचं तर आहेच ना."

मी तिचं सांत्वन केलं. चांगलं केलं. आणि आत हलकं वाटत होतं. खोटं लिहायचं नाही. हलकं वाटत होतं.

१६ मार्च

तिला सगळं सांगून टाकावं का? लालीबाई आली होती, असं म्हणाली होती, मला चौदा फेब्रुवारीपासून माहीत होतं. सांगितलं तर माझं मन मोकळं होईल. तिला काय मिळेल? माहीत नसलेलं बरं. निदान तिच्या मनात मी भित्रा राहीन, लाजरा राहीन. त्याहून वाईट नाही. हा विचार तिच्यासाठी की माझ्यासाठी, ते आज तपासत नाही.

१९ मार्च

बाजारात लालीबाई भेटली. दाव्याची तारीख विचारली. मग म्हणाली, तुमी बसले असते तं बाई आली असती निवडून. मी म्हटलं, जाऊ द्या, बाईंना यातलं काही माहीत नाही, त्यांच्या कानावर घालू नका.

लालीबाईनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"तिले तं म्या तुमच्या आगुदरच सांगतलं होतं. म्हटलं, बोलाव ना वं त्याईले पाटावर. तं म्हने, बोलवायचं नाही लालीबाई. ते आपणहून येतील."