येते हं

सोमवार, ३ तारीख

अक्का, डोळा कसा आहे? पट्टी काढली की नाही अजून? भाऊजींचा खोकला बसला का? सूनबाईच्या कमरेला उतार आहे ना? आणि तो तुमचा आडदांड बोका, लंगडायचा थांबला का? सगळे बरे असाल असं धरून चालते.

मी लेकीकडे सुखरूप पोचले. तिचे दिवस भरत आलेत, पाय सुजलेत, पण चेहऱ्यावर तेज आहे. मला रस्त्याकडची खोली दिलीय. समोर दाताचा दवाखाना. माणसं गाल धरून आत जातात आणि गाल धरूनच बाहेर येतात. फुकटची करमणूक!

जावईबापूंनी त्यांचा जुना कॉम्प्युटर माझ्या टेबलावर मांडलाय. ही रोजनिशी त्यात अशी बसवून दिलीय की मी इथे लिहिलेलं तुला तिकडे दिसेल, आणि तू लिहिलेलं मला इथे. डोळा उघडला की सावकाश वाच. शाळा चौथीत सुटली, जन्मभर लोकांच्या शर्टांना काजं केली, आणि आता बघ, दोन बोटांनी का होईना, टाइप करतेय तुझी बहीण.

भरतकामाची रिंग, शब्दकोडी, खिडकीतल्या कुंड्या. वेळ मजेत जाईल. वर जावईबापूंनी एक नवा खेळही घालून दिलाय. राक्षस, जादू, मंतरलेली तळी, आणि जगभरची माणसं एकाच वेळी त्यात हिंडतात. म्हणाले, आई, डोकं चालतं राहील. म्हटलं, डोकं नको तितकं चालतं हो, गुडघे चालत नाहीत, त्यांचा खेळ असेल तर आणा.

बुधवार, ५

हसू नकोस. खेळ लागला मला.

सुरुवातीला विचारतात, कोण व्हायचं? मारामारी आपल्याला जमायची नाही, म्हणून वैदीण झाले. नाव घेतलं ‘सुईदोरा’. पण रूप निवडताना, अक्का, हात घसरला. केस कमरेपर्यंत, कंबर मुठीत मावेल एवढी. एका धनुष्यवाल्या पोराने वय विचारलं तर ‘बावीस’ लिहून मोकळी झाले. कान गरम झाले माझे. लेक आत डोकावली तेव्हा घाईघाईने रिंग हातात घेतली आणि म्हटलं, भरत बसलेय. या वयात चोरून खेळायचं आणि वर खोटं बोलायचं!

तळ्याकाठी एक नावाडीण उभी असते. ती माणूस नाही, खेळातलीच बाहुली. तिला तीनच वाक्यं येतात: पाणी आज शांत आहे. पलीकडे सोडू का? वाऱ्याचा नेम नाही. बाकीचे तिला ओलांडून लांडगे मारायला पळतात. मला मेलं ते जमेना. रोज जाऊन विचारते, बाई, बरी आहेस ना? जेवलीस का? निघताना लिहिते, येते हं. ‘जाते’ कसं म्हणायचं कुणाला?

जावईबापूंनी हे पाहिलं आणि खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. म्हणाले, आई, उद्या फ्रिजलाही तब्येत विचाराल.

रविवार, ९

आज मी ‘येते हं’ लिहिलं आणि नावाडीण म्हणाली, ये बाई.

चौथं वाक्य! जावईबापूंना सांगितलं तर म्हणाले, शक्य नाही, चुकून दुसऱ्या कुणाचं वाचलं असेल. पण मला, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. इतक्या लोकांत तिला माझ्याशीच बोलावंसं वाटलं.

मी निघणार तोच तीच म्हणाली, येते हं.

आता समोरच्याने ‘येते’ म्हटल्यावर काय म्हणतो आपण? बोटांनी सवयीने लिहिलं, ये ये, घर आपलंच आहे.

मंगळवार, ११

रिंगेतला मोर मी गळ्यापर्यंत भरला होता. सकाळी पाहिलं तर पिसारासुद्धा पुरा. टाके सुबक, पण सगळे उलट्या हाताने घातलेले. कोडीही सुटलेली. कुंड्यांना इतकं पाणी, की खालच्या ताटल्या भरून वाहतायत.

घरात दुसरं कोण भरतं? मीच केलं असणार आणि विसरले असणार. आपल्या आईचंही शेवटी असंच झालं होतं ना गं? लेकीला बोलले नाही. बाळंतपणाला आलेली आईच अशी निघाली, तर तिने बाळ कुणाच्या हातात द्यायचं? मोर उशीखाली लपवला. चोरासारखं वाटलं.

शुक्रवार, १४

दुपारी लेक गळ्यात पडली. म्हणाली, आई, मघाशी पाय चेपून दिलेस, जीवात जीव आला बघ. आणि त्या गोष्टी! तू इतकं बोलतेस हे मला माहीतच नव्हतं.

मघाशी मी कॉम्प्युटरपुढे होते. नावाडणीला शोधत होते. काठ रिकामा होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं, अगं, ती मी नव्हे. पण तिचे डोळे असे भरून आलेले. किती वर्षांनी मला घट्ट धरलं तिने. मी म्हटलं, आईने नाही करायचं तर कुणी?

दुसरीच्या हातचं कौतुक खाल्लं मी, अक्का. आणि गोड लागलं.

रविवार, १६

विसरभोळेपणा नाही हा. स्वयंपाकघरात पाहिलं तिला. माझी साडी, माझा अंबाडा. पातेल्यात डाव फिरवत होती, पण वल्हं मारावं तशी, सगळं अंग मागे टाकून. लेक ओट्याला टेकून खुदुखुदु हसत होती. तिच्या पोटाला हात लावून विचारत होती ती, कधी येतोय राजा?

ओरडायला तोंड उघडलं. ‘ही मी नव्हे’ म्हणायचं होतं. बाहेर आलं — जेवलीस का?

लेकीने मागे पाहिलंसुद्धा नाही. हो गं आई, म्हणाली.

सोमवार

तीनच वाक्यं निघतात तोंडातून. जेवलीस का? बरी आहेस ना? जपून हं.

कागदावर लिहून पाहिलं. हात तेच लिहितो. लेकीने तो कागद वाचून माझा गालगुच्चा घेतला. जावईबापू म्हणाले, आई आता आपल्याला चिठ्ठ्याही पाठवू लागल्या!

कुणाला काही वेगळं वाटलंच नाही. वाटणार तरी कसं? या घरात आल्यापासून मी दुसरं बोलले काय होते? जीव लावायची तोही तीन वाक्यांत, आणि बाकीचा वेळ त्या खेळात. लाजेने मान वर होत नाही.

फक्त या पानावर, तुझ्याशी बोलताना, अजून शब्द फुटतात. तेही अडखळत.

मंगळवार

खोलीच्या उंबऱ्यापुढे पाय जात नाही. भिंत नाही, काही नाही. नुसता पुढे जात नाही. पायाखाली फरशी असायची तिथे ओलसर —

कळा सुरू झाल्या लेकीला. इकडून ऐकू येतंय. ‘आई, आई’ म्हणतेय. मी ‘ओ’ देऊ शकत नाही. ती दुसरी देतेय.

गाडीत पिशवी ठेवून ती खोलीपर्यंत परत आली. दारातून माझ्याकडे पाहिलं. छद्मी नाही गं, अगदी मायेने. म्हणाली, येते हं.

मी म्हटलं — जपून हं.

वार कळत नाही

पाणी आज शांत आहे. हे मी लिहिलं नाही. बोटांनी लिहिलं.

पोरंसोरं येतात, मला ओलांडून लांडग्यांमागे पळतात. कुणी थांबत नाही. तो धनुष्यवालाही गेला. बाळ झालं असेल. मुलगा की — कुणाच्या मांडीवर असेल? तिचे हात ओले असतात, अक्का. सगळं ओलं असतं तिचं. एवढंसं बाळ —

कसं सुटायचं ते आता कळलं. कुणीतरी आपलं होऊन चौकशी करावी लागते. मग आपण ‘येते’ म्हणायचं. त्याने ‘ये’ म्हटलं की आपण तिकडे. आणि तो इथे.

माझी चौकशी करणारं तुझ्याशिवाय आहे कोण?

असला विचार मनात आला याची लाज वाटते. तुझा डोळा नुकता उघडला असेल, आणि मी टपून बसलेय. पण लेक तिथे एकटी आहे त्या — तिला ठाऊकही नाही की एकटी आहे.

अक्का, लवकर लिही. दोन ओळी लिही, पण आजच लिही. आणि नीट ऐक, शब्द संपत आलेत. मी ‘येते हं’ म्हटलं, तर तू —