दुकानाच्या काचेवरची नोटीस

दि. ४ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

या वर्षीही तिकडे यायला रजा मिळाली नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. हॉटेलच्या तळघरात चादरी धुणारे आम्ही. वर पाहुणे आहेत तोवर खाली आम्ही आहोत.

पण आता यातून सुटायची वाट दिसते आहे. आमच्याच रस्त्यावरची एक लाँड्री विकायला निघाली आहे. धुलाईची मशीनं, सुकवायचं एक मोठं, वाफेची इस्त्री, आणि रस्त्याकडे तोंड करून भलीमोठी काच. ताई, काम करताना बाहेर पाऊस आहे की ऊन हे मला दिसेल! मालक म्हातारे आहेत, गुडघे गेलेत. माणूस म्हणजे देव. गेलं की कॉफी पाजतात, हिचा कोट तर फुकट धुऊन दिला. त्यांच्या हिशेबनिसाने सगळे कागद दाखवले. बँकेचं एका पैशाचं कर्ज नाही. ही मात्र म्हणते, इतका गोड माणूस धंद्यात टिकला कसा.

आईने आपल्या दोघांच्या नावावर ठेवलेली ठेव मोडली तरच जमतं. तुझा अर्धा भाग मी फेडेन. फॉर्म सोबत आहे. दाजींना नमस्कार. लोभ आहेच, सहीबरोबर तोही पाठव.

तुझा धाकटा

---

दि. १७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फॉर्म पोचला. कपाटात साड्यांखाली ठेवला आहे. सही केलेली नाही. रुसू नकोस.

पतपेढीच्या वसुलीत माझी हयात गेली. ज्याच्याकडे पैसे असत तो मला दारातच उभं करी. ज्याच्याकडे नसत तो खुर्ची पुसून चहा मागवी. तेव्हा कॉफीचं कौतुक मला सांगू नकोस. आणि हिशेबनीस कोणाचा, तर त्यांचाच! म्हणजे मुलगा कसा आहे हे मुलाच्या आईलाच विचारल्यासारखं झालं. तुझी बायको शहाणी आहे. तिने तुला कसं पसंत केलं हे कोडं मात्र मला सुटत नाही.

बँकेचं कर्ज कागदावर दिसतं. न दिसणारं कर्ज माणसांच्या डोक्यात असतं. त्या माणसांना शोधत फिरू नकोस, त्यांनाच येऊ दे. जागा घेताना पेपरात जाहीर नोटीस देतात ना, तशी दुकानाच्या काचेवर लाव: हे दुकान आम्ही घेतो आहोत, कोणाचं काही येणं असेल तर एप्रिलअखेरपर्यंत सांगावं. मालकांनी लावू दिली तर निम्मा घोर मिटला. नाही म्हणाले, तर पुढे रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालत जा. आणि वकील कर. आपला!

हे म्हणतात, मी सख्ख्या भावावर जप्ती आणते आहे. आणते. शिवणयंत्रावर पाठ मोडून आईने जमवलेले पैसे आहेत ते.

जपून राहा. राग आला तर पोटात ठेवू नकोस, तोही लिहून कळव.

तुझी ताई

---

दि. २ मे

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

राग आला होता. आता उतरला आहे, म्हणून लिहितो आहे.

नोटिशीचं काढताच मालकांचा चेहरा पिळलेल्या चादरीसारखा झाला. कॉफी आली नाही. काही दिवस मी दुकानाकडे न बघता कामावर गेलो. मग एका सकाळी त्यांनीच हाक मारली. चिकटपट्टी हातात घेऊन उभे होते. नोटीस हिच्या अक्षरात लागली.

पहिल्या आल्या एक शाळामास्तरीण. त्यांनी पर्समधून पिवळं कार्ड काढलं. वर्षभराच्या धुलाईचे पैसे आगाऊ भरलेले. मग शेजारचा न्हावी, टॉवेलांचं कार्ड घेऊन. मग कोपऱ्यावरची खानावळवाली, टेबलक्लॉथचं. मागच्या थंडीत बॉयलर फुटला, तेव्हा मालकांनी अर्ध्या रस्त्याला स्वस्तात कार्डं विकून नवा बसवला होता. नोंद कुठेच नाही. मी महिनोन्महिने लोकांचे कपडे फुकट धूत बसलो असतो, ताई! शेवटी मशीनवाला उगवला: सुकवायचं मशीन हप्त्यावर आहे, आणि हप्ते थकलेत.

मालक मान खाली घालून एकाच शर्टावर इस्त्री फिरवत राहिले. मी म्हटलं, काका, निदान मला तरी सांगायचं. ते म्हणाले, कार्डांना कर्ज म्हणतात हे डोक्यातच आलं नाही, कपडे तर धुऊन देतच होतो. पण हप्त्यांचं लपवलं, ते खरं. मग इस्त्री बाजूला ठेवून म्हणाले की एक बरं झालं, आता या काचेतून बाहेर बघायची भीती वाटणार नाही.

वकीलबाईंनी (आपल्या!) मार्ग काढला. मशीनवाल्याची बाकी किमतीतून परस्पर त्याला. कार्डांच्या धुलाईचा खर्च किमतीतून वजा. आणि काकांची कंपनी विकत घ्यायचीच नाही. फक्त मशीनं आणि जागेचा करार आपल्या नावावर, म्हणजे त्यांची जुनी लफडी आपल्या गळ्यात नकोत. किंमत इतकी उतरली की माझ्या अर्ध्या भागात काम होतं. तुझ्या पैशाला हातही लावायला नको! काका सकाळी पगारावर इस्त्रीला येणार, उंच स्टुलावर बसून.

माझा लोभ हप्त्यावर नाही, एकरकमी आहे. तोच तुझ्याकडूनही असावा.

तुझा धाकटा

---

दि. १५ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सही केली. साड्यांखाली राहून फॉर्मला डांबरगोळ्यांचा वास लागला आहे. बँकेने नाक मुरडलं तर मुरडू दे. तुझं पत्र वाचून छातीवरचं पोतं कोणीतरी उतरवून नेल्यासारखं वाटलं. हे तुला सांगितलं हे विसरून जा.

यांनी मात्र पत्र मोठ्याने वाचलं आणि मेव्हण्याला पोटभर हसले. मग मीही आमच्या फाटकावर तशीच नोटीस लावली, यांच्या नावाने. संध्याकाळपर्यंत पेपरवाला, शिंपी आणि औषधवाला येऊन गेले. आता हसू बंद आहे. शेजारीण तेवढी माझ्या नावाने आली. तिची शिडी आमच्या माळ्यावर निघाली.

काकांना सांभाळून घे. थकलेला हप्ता लपवणारा माणूस वाईटच असतो असं नाही, मी असे ढिगाने पाहिलेत. फक्त गल्ला त्यांच्या हाती देऊ नकोस.

आता तुझ्या नोटिशीला माझं उत्तर. मुदत उलटून गेली, कबूल. पण दुकान घेणाऱ्याकडून मला एक भेट येणं आहे. रजा मिळाली नाही, रजा मिळाली नाही म्हणत ती वर्षानुवर्षं थकली आहे. आता रजा देणारा मालक तूच, तेव्हा ती सबब संपली. घडी बसली की काचेवर दुकान बंद असल्याची पाटी लाव, आणि दोघं या.

नाहीतर वसुलीला मी स्वतः येईन. आले तर खुर्ची पुसून चहा मागवू नकोस, मला लगेच संशय येईल.

तुझी ताई