ओहोटीला ये

नाशिक
सोमवार

प्रिय शौनक,

पाकीट बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, शुगर आटोक्यात आहे, घर विकायचं वगैरे काही डोक्यात नाही. हे फोनवर सांगितलं असतं तर दुसऱ्याच वाक्याला तू ‘आई, आपण कोणाला तरी दाखवू या’ म्हणाला असतास, मग मी चिडले असते आणि मुद्दा राहूनच गेला असता. पत्राला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच आणि मगच काय ते बोल. शेवटी तुझ्याकडे एक मागणं आहे.

आधी कबुली. दर रविवारी मी हास्यक्लबच्या मैत्रिणींबरोबर असते असं तुला सांगत आले, ते धादांत खोटं. मी बाबांच्या नदीवर, पारेवर जाते. एकटी, आपल्या गाडीनं, पेठचा घाट उतरून, धरमपूरवरून थेट खाडीपर्यंत. ओरडू नकोस रे, घाटात मी तुझ्यापेक्षा बरी चालवते, हे तुझे बाबासुद्धा मान्य करायचे. त्यांची ती पिवळी कयाक अजून राखणदार मंगळूच्या अंगणात आंब्याखाली पालथी असते. मी ती पाण्यात घालते, तीत बसते आणि गळ टाकते. हो, मीच. जिच्या स्वयंपाकघरात कधी अंडंसुद्धा फुटलं नाही, ती तुझी आई.

बाबांना हे वेड कसं लागलं ते तुला ठाऊक आहे. पाटबंधारे खात्यात असताना सुरगाण्याला त्यांनी ही नदी अगदी लहान असताना पाहिली होती, एका उडीत ओलांडण्याएवढी. रिटायर झाल्यावर ती समुद्राला कुठं मिळते ते बघायला म्हणून गेले आणि तिथंच अडकले. आपलं घर शाकाहारी, म्हणून मासा पकडायचा, तोंडातला गळ हलक्या हातानं काढायचा, त्याला पाण्यात धरून ठेवायचं, आणि त्याला दम आला की सोडताना म्हणायचं, ‘जा बाबा, परत येऊ नकोस.’ कॉलनीतले सगळे हसायचे. मीही हसायचे. कयाक दोघांची घेतली, तीही म्हणे माझ्यासाठी. पुढची सीट तुझी, म्हणायचे. मी एकदाही बसले नाही. मला चिखलाचा वास सोसत नाही म्हणून सांगितलं. मग ते एकटेच मागं बसायचे आणि रिकामं पुढचं टोक हवेत उचललेलं असायचं. हॉलमधल्या त्या फोटोत बघ, नाक वर करून बसलेल्या सासूबाईंसारखी दिसते ती होडी.

थंडीत तिथं मंदी असते. पाणी गार झालं की तो जिताडा नावाचा मासा तोंडच उघडत नाही, कोळीसुद्धा जाळी वाळत टाकून घरी बसतात. पण ह्यांना तेच दिवस जास्त आवडायचे. मासेच नाहीत तर दिवसभर करता काय, असं विचारलं की म्हणायचे, नदी आत येते, थांबते, परत जाते, ते बघतो. मला समजावं म्हणून ताटात पाणी घेऊन ताट हलवून दाखवायचे. समुद्राजवळची नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते, सुमेधा. मी हं हं करत भाजी निवडायचे. कोण लक्ष देतंय! चाळीस वर्षं संसार झालेल्या माणसाचं बोलणं आपण ऐकतो थोडंच, तो बोलतोय एवढंच पुरेसं वाटतं.

आता त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवसाकडे येते. माझ्या अस्थी पारेच्या खाडीत सोडा असं त्यांनी सांगून ठेवलेलं, म्हणून आपण सगळे गेलो. त्र्यंबकहून देवव्रतभावजी आले होते आणि रामकुंड सोडून इतक्या लांब कशाला, म्हणून गाल फुगवून होते. तू बाबांच्या जुन्या पंच्याच्या फडक्यात अस्थी बांधल्यास आणि त्यांनी मागच्या उन्हाळ्यात तुला शिकवलेली गळाची गाठ मारलीस. मंत्र चालू असताना माझ्या पर्समध्ये त्यांचा फोन वाजला. तू डोळे वटारलेस, मी तो बंद केला. मग तू पुरचुंडी पाण्यात सोडलीस. झेंडूच्या फुलांबरोबर ती अशी काही सरसर निघाली की भावजी म्हणाले, बघा, कुठं म्हणून अडकला नाही जीव. सगळ्यांना किती बरं वाटलं. मंगळू काहीतरी सांगायला पुढं आला होता, पण भावजींनी हातानंच गप्प केला, आणि आता मागं वळून बघायचं नाही म्हणून आपल्याला गाडीत बसवलं.

शौनक, ती फुलं डोंगराकडे गेली होती. समुद्राकडे नाही, डोंगराकडे. भर भरती होती. फोन वाजला तो त्यांनी भरतीसाठी लावलेला गजर होता. आपण गोदाकाठची माणसं, पाणी जातं म्हणजे पुढंच जातं, ते परत फिरेल हे आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ज्याच्या डोक्यात आलं असतं तो पुरचुंडीत होता.

हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते नाताळाच्या सुमाराला, कयाक विकायची म्हणून मी मंगळूकडे गेले तेव्हा. मंगळू मूळचा सुरगाण्याकडचा, आंब्याच्या वाडीत कामाला आला आणि राखणदार म्हणून राहिला, एवढं तुला माहीत आहे. तो म्हणाला, ‘बाई, होडी मी नाय उचलायचा.’ मला वाटलं पैसे वाढवून मागतोय. तर तो म्हणाला की होडी रोज पालथी ठेवतो आणि भरती येऊन गेली की ती उताणी असते, मागच्या सीटवर ओला गाळ असतो. ‘सायेब भरतीला येतात, ओहोटीला जातात, मंग पुन्हा येतात. तुम्ही त्यांना आत सोडलं ना, बाहेरची वाट नाय दावली.’ मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. नको ती थेरं करू नकोस, म्हटलं. मग मी स्वतःच आंब्याखाली गेले. होडी उताणी होती. मागच्या सीटवर फडकं होतं. बाबांच्या पंच्याचं, लाल काठाचं, ओलंगच्च. आत काही नव्हतं, रे. फडकं रिकामं होतं आणि तुझी गाठ मात्र जशीच्या तशी घट्ट होती.

मग काय वाटलं कोण जाणे, मंगळूला म्हटलं, होडी पाण्याला लाव. त्यानं हात लावला नाहीच, मीच ओढत नेली. लाइफ जॅकेट घातलं, पुढच्या सीटवर बसले. माझ्या सीटवर. भरतीचं पाणी होडीला आपोआप आत नेत होतं. वल्हं मला कुठलं येतंय, दोनदा हाणलं आणि दोन्हीदा अंगावर पाणी घेतलं. आणि मग मागून, माझ्या पाठीमागून, वल्हं उचलल्यावर थेंब गळतात तसे थेंब ऐकू आले. मी माझं वल्हं मांडीवर ठेवून बसले होते. होडीकडे बघितलं. एकटं माणूस पुढं बसलं तर मागचं टोक वर उचलायला हवं ना? होडी सपाट होती. अगदी ताटासारखी सपाट.

मी मागं वळले नाही. भावजींनी सांगितलं म्हणून नाही. वळले आणि तिथं कोणी नसलं तर, या धास्तीनं वळले नाही.

तेव्हापासून जातेय. मंदी अशी आहे की अख्ख्या खाडीत कोणाला बोटाएवढा मासा मिळत नाही, आणि माझ्या गळाला दर वेळी एक जिताडा लागतो. एकच, तोच. वरचा ओठ फाटलेला, डाव्या कल्ल्यावर पांढरा डाग. मी त्याच्या तोंडातून गळ काढते, बाबा धरायचे तसा पाण्यात धरते आणि म्हणते, जा बाबा, परत येऊ नकोस. पुढच्या रविवारी तो पुन्हा हजर. मासा सोडताना मागून भाजक्या बडीशेपेचा वास येतो. तुझ्या बाबांच्या शर्टाच्या खिशातली ती कायमची पुडी आठवते ना? घरातली बडीशेप मी कधीच टाकून दिली, शौनक. हा वास घरातला नाही.

मी बोलतेही. तुझ्या सायलीनं शाळेच्या गॅदरिंगमध्ये काय केलं, गॅसचा रेग्युलेटर कसा गळत होता, तू किती बारीक झालायस. उत्तर येत नाही, पण ते आधी तरी कुठं द्यायचे. सुख आहे मला तिथं, खोटं कशाला सांगू. इकडे नाशिकला आठवडाभर मी रविवारकडे डोळे लावून बसते. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरते. परवा भाजीवाल्या आक्काबाईनं विचारलं, बाई, तुमच्या अंगाला समुद्राचा वास का येतो?

आता कालचं सांगते. कालपर्यंत मी भरतीबरोबर आत जायचे आणि पाणी थांबलं की काठाला लागायचे. काल लागले नाही. पाणी उलटलं, होडी समुद्राकडे निघाली, आणि मी वल्हं मांडीवर ठेवून दिलं. मंगळूचं घर मागं गेलं. कोळ्यांच्या वाळत टाकलेल्या जाळ्या मागं गेल्या. शेवटच्या वळणानंतर समोर नुसतं पांढरं पाणी दिसायला लागलं, लाटा फुटत होत्या. मागून वल्ह्याचा आवाज अगदी स्पष्ट येत होता, एका संथ लयीत, घाई अजिबात नाही. मला भीती वाटली नाही, शौनक. हेच मला तुला सांगायचं आहे. मला एवढंच वाटलं की अखेर मी त्यांच्याबरोबर आले, आधीच यायला हवं होतं.

आणि मग आठवलं की आज सायलीचा दात पडणार आहे आणि संध्याकाळच्या व्हिडिओ कॉलवर ती मला तो दाखवणार आहे. काय तरी आठवावं माणसाला! मी वल्हं उचललं आणि होडी काठाकडे वळवायला लागले. वळेना. मागचं टोक जड झालं होतं, इतकं जड की पुढच्या टोकाखालून पाणी निसटायला लागलं. मी रडले, ओरडले, अहो सोडा, सायली वाट बघतेय, म्हटलं. मग एकदम होडी हलकी झाली आणि गाळात जाऊन रुतली. मंगळू काठाकाठानं धावत आला होता. त्यानं दोर फेकला आणि मला गुडघाभर चिखलातून ओढून काढलं. मला चहा पाजेपर्यंत त्यानं होडीच्या मागच्या सीटकडे एकदाही बघितलं नाही. संध्याकाळी सायलीनं दात दाखवला. तू म्हणालास, आई, सर्दी झालीय का तुला? हो म्हटलं.

तर मागणं असं. येत्या अमावास्येला ये. बंगळूरहून आदल्या दिवशी निघालास तरी पुरे. जेवणं उरकता उरकता भरती संपेल आणि पाणी समुद्राकडे निघेल, ती वेळ मी त्यांच्या फोनवर नीट बघून ठेवली आहे. ते फडकं मी धुऊन, वाळवून देवघरात ठेवलंय. तुझी गाठ मी सोडवायला बसते, पण सुटत नाही आणि कात्री लावायला हात धजत नाही. ती तू मारलीस, तूच सोड, आणि फडकं ओहोटीच्या पाण्यात वाहू दे. ते माशाला म्हणायचे तेच त्यांना तू म्हण. जा बाबा, परत येऊ नका. मी म्हणून बघितलं, शौनक, प्रत्येक रविवारी म्हणून बघितलं. माझ्या तोंडून ‘या’ एवढंच येतं. ते काल मला सोडून गेले ते फक्त पोरीचं नाव ऐकून. पुढच्या खेपेला मी तिचं नाव घेईनच याची मला खात्री नाही. म्हणून तू काठावर उभा राहा आणि तोंडानं त्यांना जा म्हणत असताना हातानं मला धरून ठेव. घट्ट धर, मी सोड म्हटलं तरी.

तुझीच, अजून तरी काठावर असलेली,
आई