एका मोबाईलवर दोघी जावा

प्रिय वहिनी,

आज तुमची डब्यांची मोठी पातेली घरातून गेली. शीवच्या तुमच्या मावसबहिणीने टेम्पो पाठवला होता. भावोजींनी एकेक पातेलं स्वतः खाली नेलं. मी गॅलरीत उभी राहून बघत होते आणि आतून तुमच्या ऋचाच्या रडण्याचा आवाज येत होता.

वहिनी, डबे मी बंद केले. कुणाला न विचारता केले. इतक्या वर्षांत तुम्ही उभं केलेलं काम, तुम्ही गेल्यावर चार महिनेही न थांबता मी मोडून टाकलं. चाळीत आता याच्या नाना गोष्टी होतील. तुमच्यापर्यंत काही पोचत असेलच, तर ते आधी माझ्याकडून पोचावं म्हणून लिहायला बसलेय.

रागवाल का? खरं सांगा.

लग्न होऊन मी या काळाचौकीच्या खोलीत आले, तेव्हा तुमचे डबे जोरात होते. मी डोळे चोळत उठायचे तोवर तुमच्या पोळ्यांची चवड झालेली असायची. पायांवर निळ्या शिरा उठलेल्या, आणि तरी दुपारपर्यंत तुमचं बूड टेकलेलं मी कधी पाहिलं नाही. तुम्ही एकच म्हणायचात, "मानसी, एकदा तरी मला बसून काम करायचंय गं. खुर्चीवर बसून, पंख्याखाली!" मला तेव्हा हसू यायचं. माणसं परदेशी जायची स्वप्नं बघतात, आणि आमच्या वहिनींना हवी खुर्ची!

कॉम्प्युटरच्या वर्गाची बातमी तुम्हीच आणलीत. तुमच्या एका गिऱ्हाईकाने सांगितलं, म्युनिसिपालिटीच्या शाळेत संध्याकाळी बायकांसाठी फुकट वर्ग आहे. मी नाही म्हटलं होतं. बारावीनंतर मी पुस्तकाला हात लावला नव्हता. तुम्ही म्हणालात, "दोघी जाऊया. एकटीला आई सोडायच्या नाहीत. दोघी गेलो तर म्हणतील, बाजारात गेल्यात."

आणि वर्गात जाऊन बघतो तर काय, कॉम्प्युटर एकच! तोही शिकवणाऱ्या लॉर्ना मिसचा स्वतःचा. भिंतीवर त्याचं चित्र पडायचं आणि आम्ही सगळ्या बाकांवर बसून ते बघायचो. पोहण्याचा वर्ग काठावर बसून करावा तसं. मिसनी विचारलं, "घरी कुणाकडे लॅपटॉप आहे?" एक-दोन हात वर गेले. तुम्ही उभ्या राहिलात. "मिस, आमच्या दोघींत एक बरा मोबाईल आहे. तेवढ्यावर काही होतं का?"

मिस हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्या म्हणाल्या, "होतं गं बाई. त्रास होईल, पण होतं."

त्रास झालाच की! तेवढ्याशा पडद्यावर ते चौकटींचे तक्ते मुंगीएवढे दिसायचे. बोटाने मोठे करावेत तर बाजूची चौकट पळून जायची. सूत्र लिहायला घ्यावं तर खालून अक्षरांची पट्टी वर यायची आणि निम्मा तक्ता गडप. त्यात तो मोबाईल तुमचा, म्हणजे डब्यांचा. गिऱ्हाइकं सकाळी सकाळी फुलांची चित्रं पाठवायची आणि मिसचा व्हिडिओ अर्ध्यावर असताना दिवसाचा नेट संपायचा. तुम्ही किती चिडायचात! "मेल्यांनो, शुभ सकाळ तुमची होते, माझी रात्र होते त्यात!"

मग मिसनीच युक्ती सांगितली. मोबाईल टीव्हीला जोडायची एक वायर दिली, आणि त्यांच्याकडे पडून असलेला एक बिनवायरचा कीबोर्ड. "माऊस नाहीय माझ्याकडे जास्तीचा. सगळं कीबोर्डवरच शिका. कुठे अडणार नाही."

त्या दुपारी आपण पहिल्यांदा ते जोडलं आणि टीव्हीभर तक्ता पसरला! तुम्ही मला मिठीच मारलीत. आई पोटमाळ्यावरून उतरल्या आणि टीव्हीकडे बघत राहिल्या. "खंय गेली माझी मालिका? ह्यो रेघाच रेघा कसल्यो?"

"संध्याकाळी येईल तुमची मालिका, आई. आत्ता आमची चालू आहे," तुम्ही म्हणालात. असं बोलायची हिंमत या घरात तुमच्याशिवाय कुणाची नव्हती.

आठवतंय, एकदा सूत्र लिहिता लिहिता गिऱ्हाइकाचा मेसेज टीव्हीच्या डोक्यावर येऊन टपकला? 'ताई, आज आमटीत मीठ कमी.' आईंनी तो मोठ्याने वाचला. "बघ गो सुषमा, आता टीव्हीवर सांगतत तुझ्या आमटीत मीठ कमी म्हणान!" आपण तिघी हसून हसून आडव्या झालो होतो. आपल्या घरातलं ते हसू कुठे गेलं हो?

मला एका तक्त्यातलं दुसऱ्या तक्त्यात शोधून आणायचं सूत्र काही केल्या डोक्यात शिरेना. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही म्हणालात, "अगं, सोप्पं आहे. मी तुला गिऱ्हाइकाचं नाव सांगते, तू त्याला कुठली भाजी लागते ते शोधून आण. तेच करतंय ते." झालं! माझ्या डोक्यात उजेड पडला. आजही ऑफिसात ते सूत्र लिहिताना मला भाज्याच दिसतात.

परीक्षेचा दिवस मात्र मला अजून आठवतो. लोअर परळच्या त्या ऑफिसात मालाच्या नोंदी जुळवायला माणूस हवा होता. मिसनी आपल्या दोघींची नावं दिली. तिथे पहिल्यांदा खऱ्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि माऊस हातात धरला, तर बाण पडद्यावर पिसाळल्यासारखा पळायला लागला. तिकडे तुम्ही माऊस उचलून सरळ बाजूला ठेवलात आणि कीबोर्डवर बोटं चालवायला लागलात. सगळ्यांच्या आधी तुमचं काम झालं. तुम्ही पहिल्या आलात, मी दुसरी. जागा एकच होती.

मला वाईट वाटलं होतं, वहिनी. थोडं. पण तुम्ही पहिल्या दिवशी ती निळी साडी नेसून, केसांना क्लिप लावून निघालात, तेव्हा मी गॅलरीतून कोपऱ्यापर्यंत तुम्हाला बघत होते. छाती भरून आली होती माझी.

त्याच वेळी डबे बंद करायला हवे होते. मी म्हटलं नव्हतं का? "पगार पक्का होऊ दे गं, अजून कच्ची आहे मी तिथे," हे तुमचं उत्तर. मी म्हटलं, डबे मी बघते. तर म्हणालात, "तू अर्धे कर, अर्धे मी करते." आणि अर्धे म्हणता म्हणता तुम्ही सगळेच करत राहिलात. पहाटेपासून शेगडीसमोर उभ्या, मग धावत ऑफिस, मग घरी येऊन दुसऱ्या दिवसाची भाजी निवडायची. खुर्ची मिळाली, पण उभं राहणं कुठे सुटलं?

आणि डोकं दुखत होतं, ते का नाही सांगितलंत? ऋचाला म्हणे सांगितलं होतंत, "काकीला बोलू नकोस, ती मला घरी बसवेल." बसवलंच असतं! हात धरून बसवलं असतं. का हो असं केलंत?

त्या सकाळी शेगडीजवळ तुम्ही खाली बसलात. मला वाटलं, काही पडलं असेल ते उचलताय. डब्यांची झाकणं उघडी, वाफ निघतेय, आणि तुम्ही भिंतीला टेकून माझ्याकडे बघताय, पण ओळखत नाही आहात. परळच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर फुटली. रक्तदाब बरेच दिवस वाढलेला असणार. तुम्ही पुन्हा डोळे उघडलेच नाहीत.

बाराव्याला आई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "त्या शिकपान खाल्ल्यान माझ्या सुनेक." मी पानं वाढत राहिले. पण वहिनी, ते खोटं आहे ना? शिकण्याने नाही नेलं तुम्हाला. शिकल्यावरही सगळं तेच करावं लागलं, त्याने नेलं. हे मी आईंना कसं सांगू? त्यांना भांडायला कुणीतरी हवंय. देवाशी भांडून झालं, आता मोबाईलशी भांडतात. ती वायर त्यांनी कपाटाच्या वर टाकून दिलीय.

मग ऑफिसातून फोन आला. तिथल्या मॅडम फार हळू बोलत होत्या. "तुमचा दुसरा नंबर होता. तुम्हाला यायचं असेल तर... जबरदस्ती नाही." मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन ओकले. तुमची जागा! तुमच्या मरणाने रिकामी झालेली! तुमचे दीर नितीन मात्र म्हणाले, "तू नाही गेलीस तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाईल. वहिनीला परत नाही मिळणार." किती कोरडं वाटलं ते तेव्हा. पण खरं होतं. मी गेले.

पहिल्या दिवशी कॉम्प्युटर चालू केला, तर पडद्यावर तुमचं नाव. 'सुषमा', आणि खाली परवलीचा शब्द मागतोय. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, हे नाव काढून तुमचं टाकतो." मी हो म्हटलं. काय म्हणणार दुसरं? त्याने दोन बटणं दाबली आणि तुम्ही तिथून गेलात. दिवसभर मी खालमानेने नोंदी जुळवल्या. एकही चुकली नाही. याचा आनंद व्हावा की लाज वाटावी, मला अजून कळत नाही.

घरी डबे चालूच होते. आई आणि ऋचा. सुरुवातीला मला वाटलं, दोघींना उद्योग आहे, बरंच आहे. पण ऋचाचं कॉलेज आधी एक दिवस बुडलं, मग आठवडा. बारावीचं वर्ष! मी विचारलं तर आई म्हणाल्या, "पोरीच्या हाताक आवशीची चव आसा. गिराईक सांगतत." आणि भावोजी? रे रोडच्या लाकडाच्या वखारीतून येतात, जेवतात, भिंतीकडे तोंड करून निजतात. त्यांना ऋचा दिसतच नव्हती.

मी ऋचाला गॅलरीत गाठलं. "कॉलेज सोडणार आहेस का?"

"मला हे आवडतं, काकी."

"काय आवडतं?"

"सकाळी फोडणी दिली की आईचा वास येतो." असं म्हणून ती आत गेली.

मारून मुटकून कुणी तिला शेगडीशी उभं केलं असतं, तर भांडले असते. पण ती तुम्हाला शोधायला तिथे जात होती. आणि मला दिसत होतं, तिच्या पायांना संध्याकाळी सूज यायला लागली होती. सतराव्या वर्षी!

गेल्या रविवारी मी तुमच्या मोबाईलवरून सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज पाठवला. 'उद्यापासून डबे बंद. आजवर आमच्या हातचं खाल्लंत, आभारी आहोत.' बोट कितीतरी वेळ बटणावर तसंच होतं. मग दाबलं. लोकांची उत्तरं येत राहिली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लिहिलं, 'सुषमाताईंच्या हातची आमटी आता कुठे मिळणार?' मी मोबाईल उपडा ठेवला.

ऋचा माझ्यावर ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा. "तू आईची जागा घेतलीस, आता तिचे डबेपण घेतलेस!" आई एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. नितीनसुद्धा म्हणाले, विचारायचं तरी होतंस. विचारलं असतं तर हो कोण म्हणालं असतं?

भावोजी दुसऱ्या दिवशी वखारीत जाताना दारात थांबले. चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरं केलंस. मला नसतं जमलं." आणि मग शीवला फोन त्यांनीच केला.

ऋचा कालपासून कॉलेजला जायला लागलीय. माझ्याशी बोलत नाही. मी केलेला चहा तसाच ठेवून जाते. तुम्ही असतात तर चार शब्दांत तिला समजावलं असतंत, मला तेही येत नाही. मी बरोबर केलं का, वहिनी? कधी वाटतं केलं, कधी वाटतं तुमच्या लेकीकडून तिची आई मी दुसऱ्यांदा काढून घेतली.

पण एक शब्द देते. ऋचाने मला कितीही दिवस दूषणं दिली तरी मी तिच्या वाटेतून हलणार नाही. तिची बारावी होईल, तिला पुढे जे शिकायचंय ते होईल, आणि त्यासाठी लागेल ते माझ्या पगारातून होईल. मग तिचं मन म्हणालं, मला डबेच करायचेत, तर शीवला जाऊन पातेली मी स्वतः मागून आणीन आणि पहाटे तिच्या शेजारी पोळ्या लाटायला उभी राहीन. पण तेव्हा ते काम तिने निवडलेलं असेल. तिच्या अंगावर येऊन पडलेलं नसेल. तोवर ती माझ्याशी बोलली नाही तरी चालेल. मी वाट बघीन.

तुमची धाकटी जाऊ,
मानसी