लाल ठिपका

प्रिय ढमे,

फोनवर 'बाबा' हा शब्द आला की तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवता येत नाही, फार तर फाडता येतं. आणि तू फाडायच्या आधी शेवटपर्यंत वाचशीलच, कारण जन्मजात भोचक आहेस. अक्षर वेडंवाकडं आलंय, ते समजून घे. काल दुपारपासून माझं डोकं थाऱ्यावर नाही.

झालं असं, की मागच्या आठवड्यात बाबांनी तो काळा कॅमेरा कपाटातून काढला, माझ्यापुढे ठेवला आणि विकून टाक म्हणाले. तोच, तुझ्या लग्नातला. सहा वर्षं फडक्यात गुंडाळून पडला होता. त्या दिवसानंतर त्यांनी त्याला हात लावला नाही, आपल्या फोटो स्टुडिओत जुन्या कॅमेऱ्यावरच काम रेटलं. का विकायचा, ते शेवटी सांगते, आत्ता सांगितलं तर मला पुढचं लिहिता यायचं नाही. काल एका शाळेच्या बाई तो बघायला आल्या. त्यांना मुलांची नाटकं टिपायची आहेत, म्हणून पहिलाच प्रश्न, यात व्हिडिओ निघतो ना? मला हसूच आलं. बाबांचं मत तुला पाठ आहे. फोटोच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ म्हणजे चष्म्याला शेपूट! मी बाईंना म्हटलं, निघतो, पण आमच्याकडे ते बटण कुणी कधी दाबलेलं नाही, अगदी कोरं करकरीत आहे. आणि चालतंय का ते दाखवायला व्हिडिओचा कप्पा उघडला.

ढमे, तो भरलेला होता. पहिल्याच चित्रात तू होतीस. निळ्या साडीत, हातात पेन, सही करायला वाकलेली. क्षणभरच दिसलीस आणि कॅमेरा खाली लोंबकळला. मग नुसती फरशी, बाबांचे तपकिरी बूट, एका बुटाची सुटलेली नाडी. आणि आवाज. बाबांचा! मी कॅमेरा जवळजवळ टाकलाच. त्या बिचाऱ्या बाई घाबरून मला पाणी विचारायला लागल्या, माझ्याच स्टुडिओत.

मला उमगायलाही वेळ लागला. वरची चकती फोटोवरून सरकून व्हिडिओवर गेली होती. पिशवीत टाकताना सरकली असेल. बाबा नेम धरून बटण दाबायचे की चित्रीकरण सुरू, आणि ते कॅमेरा खाली सोडायचे. पुन्हा नेम धरून दाबायचे की बंद. सबंध समारंभभर हेच. खटका वाजत नाही हे कळायला कान कुठे धड होते? मागच्या पडद्यावर बघायची सवय तर त्यांना नाहीच. फोटो काढून लगेच बघतो तो फोटोग्राफर नव्हे, हे आपण दोघींनी शंभरदा ऐकलंय. एका ठिकाणी ते स्वतःशीच पुटपुटतात, हा कोपऱ्यातला लाल ठिपका कसला मेला, सारखा डोळ्यात जातोय! चित्रीकरण चालू असल्याची खूण होती ती. मी रडत होते आणि त्यावर फिसकन हसले.

आता तुझं म्हणणं मला तोंडपाठ आहे. तू व्हिडिओवाल्याशी लग्न केलंस हेच बाबांना खुपलं होतं, 'हलत्या चित्रांचा जावई' म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. तरी तू हट्ट धरलास, फोटो फक्त बाबाच काढतील, दुसरा कुणी कॅमेरा आणायचा नाही. केवढा मान दिलास त्यांना! आणि आठवड्यानं तू फोटो मागायला आलीस तेव्हा ते तुझ्याकडे न बघता म्हणाले, काढलेच नाहीत. तू भर हॉलमध्ये त्यांना नेम धरताना, बटण दाबताना पाहिलं होतंस. म्हणजे रिकामा कॅमेरा रोखून नाटक केलं, चारचौघांत माझी थट्टा केली, असं म्हणून तू गेलीस ती गेलीसच. मला तुझंच पटलं होतं. मीसुद्धा त्यांच्याशी कित्येक दिवस कामापुरतंच बोलत होते.

काय घडलं असेल ते आता दिसतंय. घरी येऊन त्यांनी कॅमेऱ्यात फोटोंचा कप्पा उघडला असणार. तिथे काहीच नाही. व्हिडिओ वेगळ्या कप्प्यात पडतात हे त्यांच्या गावीही नव्हतं. अख्ख्या गावाचे फोटो काढले आणि पोटच्या पोरीचं लग्न हातून निसटलं, हे कुठल्या तोंडानं सांगणार? जमलं नाही म्हणण्यापेक्षा काढले नाहीत म्हणणं त्यांना सोपं गेलं. हट्टी म्हातारा! तूही त्याच मातीची, म्हणा.

पण हे काहीच नाही. खरा धक्का शेवटच्या चित्रीकरणाचा. ते बंदच झालं नव्हतं. तुमचा निरोप घेऊन बाबा एकटेच रिक्षात बसले, कॅमेरा मांडीवर, आणि आपोआप थांबेपर्यंत ते चालू राहिलं. चित्र नुसतं काळं. आवाज मात्र स्वच्छ. रिक्षावाल्यानं सहज विचारलं, कुणाचं लग्न? बाबा म्हणाले, धाकटीचं. आणि मग आपले बाबा, ज्यांनी आई गेली तेव्हाही डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ते हुंदके देऊन रडायला लागले. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून ऐकत होते. ते त्या परक्या माणसाला म्हणाले, पोरगा चांगला आहे हो, मी उगीच नाट लावला. तिनं मागायच्या आधी तो पाणी घेऊन आला. मी तिच्या आईनं मागितलं तरी कधी उठलो नाही. रिक्षावाला म्हणाला, मग सांगा की पोरीला. त्यावर बाबा म्हणाले, बोलायला मला कुठे जमतं? फोटो काढलेत ना. फोटो बघितले की तिला कळेल.

ढमे, ते फोटोच निघाले नव्हते गं.

आता कॅमेरा विकायचं कारण. येत्या मंगळवारी बाबांच्या घशाचं ऑपरेशन आहे, त्याला पैसे हवेत. गाठ वाईट निघाली. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात, पण आवाजाची पेटी काढावी लागेल, त्यानंतर त्यांना बोलता येणार नाही. तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातलीय, ती मी या पत्रानं मोडली. कॅमेरा मी विकला नाही, बाईंना दुसरा शोधून देते. जे सापडलं ते बाबांना सांगितलेलं नाही. ते तू सांग. तुझे फोटो हातून निसटलेले नाहीत, प्रत्येक चित्रीकरणाच्या सुरुवातीला आणि शेवटी तू आहेस, हे त्यांना तुझ्याकडूनच कळू दे. जावईबापूंनाही घेऊन ये, व्हिडिओतून फोटो कसे वेगळे करायचे ते त्यांनाच शिकवू देत सासऱ्यांना! मला जमला तसा एक वेगळा काढून सोबत ठेवलाय, तुझ्या सहीचा. जरा हललाय. आवाज मात्र पाठवत नाही. मंगळवारच्या आत ये आणि जे त्या रिक्षावाल्याला सांगितलं, ते त्यांच्याच तोंडून ऐक.

तुझी वाट बघत दारातच उभी असलेली,
तुझीच ताई